पहिला घोट कुणी पाजायचा

कुणाच्याही गाडीचं दार उघडलं की मला दोन गोष्टी लगेच कळतात. सीट किती उसवलीय आणि संसार किती उसवलाय. कोचाबांबा शहरात बावीस वर्षं सीट कव्हरं शिवतोय मी. मागच्या सीटच्या फटीत काय काय सापडतं हे सांगायला बसलो तर अर्ध्या गावाची लग्नं मोडतील, म्हणून सांगत नाही. म्हणजे, सगळं सांगत नाही.

पण शेजारच्या दोन्या बेनिताची गोष्ट सांगायलाच हवी. (आमच्याकडे मान द्यायचा तर बाईच्या नावाआधी 'दोन्या' लावतात, पुरुषाच्या नावाआधी 'दोन'.) तिच्या आणि माझ्या दुकानात एक पत्र्याची भिंत. मी मशीन चालवलं की तिचे स्क्रू टेबलावर नाचतात, आणि ती एखाद्या गाडीचे स्पीकर तपासायला लागली की माझी शिवण वाकडी जाते. चौदा वर्षं आम्ही एकमेकांना शिव्या घालत सुखाने नांदतोय.

बेनिता कोल्के. वय त्रेचाळीस, ती एकोणचाळीस सांगते. उंची इतकीच, की डॅशबोर्डखाली शिरताना तिला वाकावं लागत नाही, फक्त मनावर घ्यावं लागतं. दोन लांब वेण्या. काम करताना त्या पाठीमागे एकत्र बांधते, कारण एकदा एका मिनीबसमध्ये तिने हॉर्नच्या वायरींना चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता आपली वेणीही आत गुंडाळून टाकली होती. पाऊण तास ती त्या मिनीबसचा भाग होती. सोडवायला मीच गेलो, पण आधी सगळ्या रस्त्याला बघायला बोलावून मग.

तिला ही विद्या कुणी शिकवली नाही. आमच्याकडच्या गाड्या जपानातून वापरून झालेल्या येतात, स्टिअरिंगचं चाक उजवीकडे. इथल्या वर्कशॉपमध्ये कापाकापी करून ते डावीकडे आणतात. चाक बिचारं येतं, पण त्याच्यामागचा वायरींचा गोतावळा उजवीकडेच रडत राहतो. तेव्हा बेनिता अशाच एका वर्कशॉपच्या दारात टोपलीत फोनचे चार्जर आणि कव्हरं विकायची. आत मिस्त्री लोक वायरी तोडायचे, पिळायचे, देवाचं नाव घेऊन चावी फिरवायचे. एक दिवस ही बाहेरून म्हणाली, "ती तपकिरी वायर दिव्याची नाही हो." सगळे हसले. गाडी चालू झाली, मिस्त्रीने हॉर्न दाबला आणि काचेवरचे वायपर हलायला लागले. दुसऱ्या दिवशी तिची टोपली दारात राहिली आणि ती आत.

पुढे फोन शहाणे झाले, आणि फोन आणि गाडी यांची सोयरीक जमवणं हाच तिचा धंदा झाला. फोन नवा, गाडी म्हातारी, आणि गाडीतल्या मूळच्या स्क्रीनची भाषा जपानी. ती जुनी स्क्रीन काढून नवी बसवायची, फोन जोडला की नकाशा समोर, आवाज स्पीकरमध्ये, हात चाकावर. ती हे इतकं नीट करते, की डॅशबोर्ड कुठे कापला होता हे नंतर शोधून सापडत नाही.

पण नीट काम करणाऱ्याकडेच गिऱ्हाईक येतं असं कुणी सांगितलंय? मोठ्या अव्हेन्यूवर काचेचं दुकान उघडलं. तिथे बसायला सोफा, थंड पाणी आणि टाय घातलेला माणूस. बेनिताकडची गर्दी आटली. त्यात तिची बहीण इलारिया, अकरा वर्षांपासून इटलीत बेर्गामोला म्हाताऱ्यांची सेवा करणारी, दर रविवारी फोनवर तेच म्हणायची: "ये इकडे. एका आजीबाईंना माणूस हवंय. चांगलं घर आहे. पण लवकर उत्तर दे, नाहीतर दुसरी बाई येईल." बेनिता म्हणायची, बघते. मी पत्र्याला कान लावून ऐकायचो. शेजारीण गेली तर मी भांडू कुणाशी?

अशातच शेजारच्या साकाबा गावाच्या ट्रुफीवाल्यांचा प्रश्न आला. ट्रुफी म्हणजे ठरलेल्या रस्त्याच्या शेअर गाड्या; साकाबाच्या मार्गावर अशा शेहेचाळीस, आणि त्यांचं एक सिंडिकेट, म्हणजे संघटना. आता, रस्ता अडवणं हा आमच्याकडे ऋतूच आहे. आज शिक्षक बसतात, उद्या डिझेल न मिळालेले ट्रकवाले, परवा नळाला पाणी न आलेली वस्ती. कुठे दगड टाकलेत, कुठून वळायचं, हे ड्रायव्हर एकमेकांना फोनवर बोलून पाठवतात. म्हणजे शेहेचाळीस ड्रायव्हर एका हाताने गाडी चालवणार, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावणार. पोलिसांच्या शिट्ट्या तर वाजतच होत्या, पण एकाने पाववालीच्या गाड्याला धडक दिली तेव्हा सिंडिकेटला जाग आली. ठरलं, सगळ्या गाड्यांत फोन जोडायची स्क्रीन बसवायची. काम कुणाला द्यायचं? काचेच्या दुकानाला की बेनिताला?

सिंडिकेटचा मुख्य सचिव दोन एलिओदोरो ओरेयाना. पोट पुढे, मिशा त्याच्याही पुढे. तो बेनिताच्या दुकानासमोर गाडी उभी करून म्हणाला, "दोन्या बेनिता, आधी माझ्या गाडीत बसवा. मी चालवून बघतो. सोमवारी सभा आहे. चाललं तर मी उभा राहून तुमचं नाव घेईन. नाही चाललं तर टायवाल्याचं."

"आणि नाव घेतलंत तर?"

"तर शेहेचाळीस गाड्या तुमच्या."

बेनिताने मान खाली घालून कामाला हात घातला. पण मला दिसलं, तिने स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरला होता. शेहेचाळीस गाड्या म्हणजे बेर्गामोला नाही म्हणता येईल, एवढा सरळ हिशोब होता.

बुधवारी काम सुरू झालं. जुनी स्क्रीन सोडवायला घेतली तसा दोन एलिओदोरो हळवा झाला.

"हिला काढणार?"

"नवीन बसवायची तर जुनी काढावीच लागते."

"अकरा वर्षं रोज सकाळी चावी फिरवली की ही बाई माझ्याशी काहीतरी बोलते हो. जपानीत."

"काय बोलते?"

"कुणाला ठाऊक! पण आवाज काय गोड! एकदाही ओरडली नाही."

मागच्या सीटवर त्याची बायको दोन्या झेनोबिया भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "कळत नाही म्हणून गोड लागतं. उद्यापासून मीही जपानीत बोलते."

संध्याकाळपर्यंत नवी स्क्रीन लागली. बेनिताने मायक्रोफोन ऊन अडवायच्या वरच्या झडपेला असा दडवला, की ड्रायव्हरला कुठे बोलायचं ते शोधावं लागू नये. गुरुवारी दोन एलिओदोरो साकाबाला गेला. वाटेत निरोप आला की पुलाजवळ दगड पडलेत, आणि तो निरोप स्पीकरमधून ऐकून त्याने सात प्रवाशांसकट नदीकाठच्या रस्त्याला गाडी घातली. मागच्या तीन ट्रुफी पुलावर चार तास अडकल्या. संध्याकाळी तो मिशांना पीळ देत येऊन बेनिताला म्हणाला, "दोन्या, ही स्क्रीन माझी मेव्हणी असती तर मी तिच्या लग्नाचा सगळा खर्च उचलला असता!"

आणि मग आला शुक्रवार. महिन्याचा पहिला.

पहिल्या शुक्रवारी आम्ही काय करतो ते वेगळं सांगायला नको. निखाऱ्यांवर कोआची सुवासिक पानं, धूर, आणि धरणीमाय पाचामामाला पहिला घोट. मग तिच्या कृपेने जे जे चालतं त्याला: दुकानाच्या उंबऱ्याला, मशीनला, गाडीच्या चाकांना. गाडीत नवीन काही आलं असेल तर त्याचा मान आधी. दोन एलिओदोरो रीतभात पाळणारा माणूस. सिंडिकेटच्या अंगणात त्याने चाकांना बिअर दिली, बॉनेटला दिली, रंगीत कागदाच्या टिकल्या उधळल्या, आणि मग दार उघडून, टोपी काढून, त्या नव्या स्क्रीनला अख्खा पेला पाजला. तोंडावर.

स्क्रीन एकदा लुकलुकली. मग काळी.

शनिवारी सकाळी तो दुकानासमोर. "दोन्या, तुमची वस्तू मेली."

"काही झालं होतं का?"

"काय होणार? फुलासारखी जपली मी तिला!"

त्याच्या मनात कपट नव्हतं हो. पाजणं म्हणजे काही करणं, हे त्याला सुचलंच नाही. तुम्ही डॉक्टरला सांगता का, की काल मी नमस्कार केला होता?

तो गेल्यावर बेनिताने स्क्रीन उघडली. मी अर्थातच कव्हराचं माप घ्यायच्या निमित्ताने तिथे होतोच. झाकण निघालं आणि लग्नघराचा वास आला. आत सगळं चिकट. मधोमध एक निळी कागदी टिकली, अशी ऐटीत चिकटलेली, जणू तिनेच सगळं चालवलं होतं.

मी पोट धरून हसलो. बेनिता हसली नाही. म्हणाली, "तिबू, तोंड बंद. सोमवारपर्यंत एक शब्द बाहेर नाही."

"अगं, पण सांग ना सभेत! चूक त्याची आहे."

"काय सांगू? पाचामामाच्या घोटाने मेली म्हणू? मग म्हणतील, जिला माईचा घोट पचत नाही ती वस्तू आमच्या गाड्यांत नको. आणि दोन एलिओदोरोचं भरसभेत नाक कापलं म्हणून वर चिडतील. नाही सांगितलं तर म्हणतील, बाईच्या हातचं काम, दोन दिवस टिकलं. दोन्हीकडून बेर्गामो."

खरं होतं. मी दोन बोटं जोडून त्यावर ओठ टेकवले, म्हणजे शपथ घेतली.

शनिवारचा सगळा दिवस मी गप्प राहिलो. घरी बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. रविवारी सकाळी मात्र दोन्या झेनोबिया गाडी घेऊन आली. पुढच्या सीटवर बिअर सांडून डाग पडलाय, म्हणाली, कव्हर बदला. आता मी काय करू? मी काहीही सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणालो, "दोन्या झेनोबिया, सीटचं काय हो, सीट धुता तरी येते."

ती थांबली. डागाकडे बघितलं. डागाच्या वर जिथे स्क्रीन होती त्या रिकाम्या भोकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाई हुशार, नवऱ्याच्या आधी मुख्य सचिव तीच व्हायला हवी होती.

"अस्सं," म्हणाली आणि निघून गेली.

पत्र्यापलीकडे काहीतरी जोरात आपटलं. बेनिता दारात येऊन उभी राहिली.

"तिबू, तुझी जीभ शिवायला किती रेक्झिन लागेल? मी देते."

"मी तर फक्त सीटबद्दल..."

"आता ती नवऱ्याला सांगणार. तो उद्या सभेत असा येणार, जसं मीच गावभर त्याची नाचक्की केली. आणि टायवाला बसलाय टपून." ती रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. खुर्चीवर बसली आणि इलारियाच्या फोनची वाट बघायला लागली. तो आल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या संध्याकाळी सांगते. नक्की सांगते."

मी आत जाऊन तिच्या शेजारी बसलो आणि दातांचा ब्रश हातात घेतला. दोघांनी मिळून त्या स्क्रीनचं पोट निर्मळ अल्कोहोलने घासलं, तिने जळालेला एक भाग एका जुन्या टेपमधून काढून डाख देऊन बसवला, आणि मग सगळं उन्हात वाळवलं. दुपारी चारला स्क्रीन उजळली. वरचा डावा कोपरा तेवढा बोटाला दाद देत नव्हता.

"दारूचा झटका," मी म्हणालो. तेव्हा कुठे ती जराशी हसली.

सोमवारी तीन वाजता सभा. सकाळीच बेनिताने स्क्रीन पुन्हा त्याच्या गाडीत बसवली होती आणि गाडी अंगणात उभी होती. चाळीसेक ड्रायव्हर, बाकांवर बायका, आणि टायवाला कागद वाटत फिरत होता. दोन एलिओदोरो उभा राहिला. चेहरा असा, की बाटलीचं बूच आत्ता उडेल.

"सभेला कळवण्यात येतं की वस्तू दोन दिवसांत बंद पडली. का पडली, यावर रस्त्यावर काही लोक काही बोलतायत..." इथे त्याने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे.

बेनिता उठली. "मी सांगते का पडली. माझ्या चुकीमुळे."

मी बुटांवरून नजर काढली.

"गवंडी घर बांधतो तेव्हा पायाला पहिला घोट कोण देतं? मालक? नाही. गवंडी देतो. मालकाच्या हातात किल्ली जाते ती नंतर. मी स्क्रीन बसवली आणि कोरडीच हातात दिली. दोन एलिओदोरोंना वाटलं, हिला कुणी विचारलंच नाही. त्यांनी आपला धर्म पाळला. पण तिचं तोंड कुठे आहे हे मी त्यांना दाखवलं नव्हतं, म्हणून त्यांनी दिसलं त्या तोंडावर पाजली."

कुणीतरी फिसकन हसलं. मागून एक ड्रायव्हर ओरडला, "दोन्या, तुम्ही मेकॅनिक की पाद्री?"

"पाद्री गाडीखाली शिरत नाहीत," बेनिता म्हणाली. "मी शिरते. म्हणून मला माहीत आहे, माय कुठे आहे. खाली आहे. जमीन आहे ती. घोट तिला जायला हवा, चाकाशी, जिथे गाडी तिला टेकते. स्क्रीन वर टांगलेली आहे, तिला जमीन नाही. यापुढे प्रत्येक गाडीचं काम झालं की हातात देण्याआधी मी स्वतः पाजीन, मालकासमोर. आणि कडेला रबराची पट्टी लावीन, म्हणजे कार्निव्हलला कुणाचा हात जास्तच सैल सुटला तरी आत जाणार नाही."

टायवाल्याला वाटलं, हीच वेळ आहे. तो पुढे आला. "मित्रांनो, आमच्याकडे असली भानगडच नाही. दोन वर्षांची वॉरंटी! फक्त, पाणी, दारू वगैरे सांडली असेल तर लागू नाही."

"मग पहिल्या शुक्रवारी काय करायचं?" सर्वांत वयस्कर ड्रायव्हर दोन सातुर्निनोने विचारलं.

"अं... करू नका. एवढं सोपं आहे."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सांडणं?" दोन सातुर्निनो हळू म्हणाला. "तरुण माणसा, आम्ही सांडत नाही. पाजतो."

सगळ्यांच्या नजरा दोन एलिओदोरोकडे. त्याने मिशा चावल्या. मग त्याचं पोट आधी हललं आणि हसू नंतर आलं.

"म्हणजे मी हिला पाजून पाजून बेशुद्ध केली!"

"अकरा वर्षांत मला कधी पहिला पेला दिला नाहीत," झेनोबिया बाकावरून म्हणाली, "आणि दोन दिवसांची आलेली ही, हिला अख्खा!"

मग हसण्यात कोण काय बोललं ते कळलं नाही. हात वर झाले, वाद झाले, पुन्हा हात वर झाले. शेवटी निर्णय असा: कार्निव्हलच्या आधी बारा गाड्या बेनिताच्या. त्या बारा कार्निव्हलच्या मंगळवारी, म्हणजे अख्खं गाव आपापल्या गाड्यांना पाजतं त्या दिवशी, वाचल्या तर उरलेल्या सगळ्या. शेहेचाळीस नाही. बारा.

"आता चालवून तरी दाखवा," कुणीतरी म्हणालं. बेनिताने आपला फोन गाडीला जोडला, चारी दारं उघडली, आवाज मोठा केला. नकाशा आला, साकाबाचा रस्ता आला, लोक वाकून बघायला लागले. आणि तेवढ्यात फोन वाजला. कोपऱ्यात कट करायचं बटण होतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात. बेनिताने तीनदा दाबलं आणि मग फोन आपोआप उचलला गेल्यासारखा चालूच झाला, कारण चौथ्यांदा बोट घसरून शेजारच्या हिरव्यावर पडलं.

"काय ठरलं?" इलारियाचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला. "आजीबाईंचा मुलगा समोर बसलाय माझ्या. येतेस ना? का त्या दारुड्या ड्रायव्हरांच्या नादाला लागून राहणार आहेस?"

चाळीस ड्रायव्हरांनी टोप्या सरळ केल्या.

बेनिता लाल झाली. पण फोन काढून घेतला नाही. वरच्या झडपेकडे तोंड करून म्हणाली, "नाही येत, इलारिया."

"सगळ्या गाड्या मिळाल्या?"

"बारा मिळाल्या."

"बारासाठी?"

"पुढे कार्निव्हल आहे. बघून घेते. आजीबाईंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना चांगली बाई बघून दे."

ती आजीबाईंच्या मुलाला इटालियनमध्ये काहीतरी सांगताना स्पीकरमधून ऐकू आली. मग इलारिया म्हणाली, "आवाज किती स्वच्छ येतोय गं तुझा. शेजारीच बसलीयस असं वाटतं."

दोन एलिओदोरोने खिडकीत डोकं घातलं. "दोन्या, आम्ही दारुडे नाही! पण मायक्रोफोन उत्तम आहे!"

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, पहिली गाडी दोन सातुर्निनोची. अकरापर्यंत स्क्रीन लागली, रबराची पट्टी लागली. बेनिताने हात धुतले, छोटा पेला भरला, पुढच्या चाकाशी वाकून जमिनीवर सांडला... पाजला, पाजला म्हणतो. आणि काहीतरी पुटपुटली. दोन सातुर्निनो टोपी हातात घेऊन उभा होता. मग संकोचून म्हणाला, "बरोबर आहे सगळं. पण दोन्या, हिला स्वतःला काहीच नाही? वाईट नाही का वाटणार?"

बेनिताने पेल्यात उरलेल्या थेंबात करंगळी बुडवली आणि स्क्रीनच्या खालच्या चौकटीला टेकवली, लहान बाळाच्या ओठाला मध लावावा तशी. म्हातारा खूश होऊन गाडी घेऊन गेला.

"हे चालतं?" मी विचारलं.

"चौकटीला चालतं. आणि बघितलंस ना, त्याला किती बरं वाटलं."

दुपारपर्यंत दुसरी गाडी उघडून झाली होती. तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं बदलायलाच हवीत, शेजारी चांगला माणूस आहे, हे बेनिता त्याला पत्र्यापलीकडून मोठ्याने पटवून देत होती. मला ऐकू यावं म्हणूनच एवढ्या मोठ्याने, असं मी समजलो, आणि मापाची टेप घेऊन बाहेर गेलो.